दान पडू द्या : पासवर्ड घडवण्याविषयी

वाचकहो, साहित्य संस्थेच्या व्याख्यानमालेत पासवर्ड हा विषय कशासाठी, असे आपल्या मनात येईल. विषय ठरवण्याच्या बैठकीतही हा प्रश्न निघाला होता. तेव्हा मी जी हकीगत सांगितली, तिच्यापासूनच आरंभ करतो. हकीगत घरचीच आहे आणि जिची आहे तिच्या परवानगीने सांगतो आहे.

माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, होळकर संस्थानात शाळामास्तर होते. त्यांनी आयुष्यभर कविता लिहिल्या, इंदुरातल्या जुन्या दिवसांच्या आठवणी लिहिल्या, पण छापले काहीच नाही. त्यांच्या वह्या माझ्या मावशीकडे आल्या. वाळवी लागायला सुरुवात झाली तेव्हा मावशीने दोन हिवाळे बसून त्या संगणकावर उतरवून काढल्या. एकेक प्रकरण पुरे झाले की ती ते स्वतःच्याच ई-मेलवर पाठवून ठेवी. ‘म्हणजे कुठे हरवायचे नाही,’ असे ती म्हणे. पुढे वह्यांचे वाळवीने पीठ केले. मग एके सकाळी तिच्या नावाने सत्तर-ऐंशी नातेवाइकांना पत्र गेले की मी अडचणीत आहे, ताबडतोब पैसे पाठवा. एका भाच्याने पाठवलेही. चोराने जाताना खात्यातली सगळी पत्रे पुसली आणि खाते परत मिळवण्यासाठी दिलेला फोन नंबरही बदलला. खाते पुन्हा हाती आले नाही. एका मामेबहिणीने हौसेने छापून घेतलेली एकतीस पाने तेवढी उरली.

भाच्याचे पैसे पुढेमागे भरून निघाले. आजोबांची बाकीची पाने गेली ती गेलीच. आपल्यासारख्या, दोन-तीन शतकांपूर्वी महाराष्ट्राबाहेर येऊन वसलेल्या घरांतून आता कागद कमी आणि खाती जास्त आहेत. वंशावळ, लग्नाचे फोटो, कुळधर्माची टिपणे, मंडळाच्या सभांची इतिवृत्ते, सगळे कुठल्या ना कुठल्या खात्यात पडून आहे. त्या दाराच्या कडीकोयंड्याचा विचार साहित्य संस्थेने करायचा नाही तर कोणी?

मावशीचे चुकले कुठे?

मावशीचा पासवर्ड काही ‘१२३४५६’ नव्हता. तो आता कुठेच वापरात नाही, म्हणून सांगतो. तुळजाभवानी हे नाव रोमन अक्षरांत, पहिले अक्षर मोठे, पुढे ‘@’ हे चिन्ह आणि शेवटी लग्नाचे वर्ष १९७४. एकूण सतरा अक्षरे. मोठे अक्षर, लहान अक्षर, अंक आणि चिन्ह, मागितलेले सर्व काही त्यात होते. खाते उघडताना त्याखालची पट्टी हिरवीगार होऊन ‘मजबूत’ असा शेराही मिळाला होता.

हाच पासवर्ड तिने एका खरेदीच्या दुकानाच्या खात्यालाही लावला होता. पुढे त्या दुकानाची यादी फुटली. कोणत्या फुटलेल्या याद्यांत आपला ई-मेल पत्ता आला आहे हे सांगणारी ‘हॅव आय बीन पोन्ड’ नावाची एक मोफत सोय आहे. ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन जाणकाराने ती २०१३ मध्ये सुरू केली. तिथे मावशीचा पत्ता घालून पाहिला, तेव्हा त्या दुकानाचे नाव समोर आले. चोर कोणत्या वाटेने आला असावा, याचे दुसरे पटण्यासारखे कारण आम्हाला सापडले नाही.

म्हणजे चुका दोन झाल्या. पासवर्ड ओळखता येण्यासारखा होता, आणि एकच चावी दोन कुलपांना होती. दुसरी चूक समजायला सोपी आहे. पहिली समजायला थोडे आत शिरावे लागते.

गिरणी, पीठ आणि मीठ

संगणकाला पासवर्ड लावण्याची प्रथा अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९६० नंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत सुरू झाली. फर्नांडो कोर्बातो यांच्या चमूने एकच यंत्र अनेकांना वापरता येईल अशी व्यवस्था केली होती, आणि ज्याचे काम त्याच्यापुरते राहावे म्हणून पासवर्ड आणला. पासवर्डची चोरीही तिथलीच. ॲलन शेर नावाच्या एका संशोधकाला यंत्रावर मिळणारा वेळ अपुरा पडत होता. १९६२ मध्ये त्याने पासवर्डांची सगळी यादीच छापून घेतली आणि इतरांच्या नावावर काम केले. पुढे त्याने ते स्वतःच सांगितले.

या चोरीतला धडा असा, की पासवर्ड आहे तसा लिहून ठेवणे धोक्याचे. म्हणून पुढे तो दळून ठेवू लागले. याला ‘हॅश’ म्हणतात. गव्हाचे पीठ होते, पिठाचे पुन्हा गहू होत नाहीत. दुकानाकडे तुमच्या पासवर्डाचे फक्त पीठ असते. तुम्ही दारात पासवर्ड दिलात की ते तो पुन्हा दळतात आणि जुन्या पिठाशी ताडून पाहतात. नीट चालणाऱ्या ठिकाणी दळताना प्रत्येक खात्यात निराळी चिमूट टाकतात, म्हणजे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी पीठ वेगळे दिसते. या चिमटीला इंग्रजीतही ‘मीठ’ या अर्थाचाच शब्द आहे.

यादी फुटते म्हणजे चोराच्या हाती हे पीठ लागते. त्याला उलटे दळता येत नाही, पण स्वतःचे गहू दळून पाहता येतात. तो एकेक अंदाज घेतो, दळतो आणि ताडतो. घरच्या यंत्रावर, निवांत, कोणी अडवणारे नाही. बँकेच्या एटीएमला चार आकड्यांचा पिन पुरतो, कारण काही चुकीच्या प्रयत्नांनंतर कार्ड बंद होते. पिठाच्या गोणीसमोर बसलेल्या चोराला ती मर्यादा नाही. जुन्या, झटपट दळणाऱ्या पद्धतीने पासवर्ड साठवले असतील, तर खेळांसाठी मिळणाऱ्या ग्राफिक कार्डावर सेकंदाला दहा हजार कोटी अंदाज तपासता येतात. मुद्दाम सावकाश दळणारी आधुनिक पद्धत असेल तर हा वेग पार खाली येतो. सेकंदाला एक लाख धरा. दुकानाने कोणती गिरणी ठेवली आहे हे आपल्या हातात नसते. आपल्या हातात असतो तो फक्त गहू.

आता मावशीचा पासवर्ड पाहा. चोर सतरा अक्षरांच्या सर्व जुळण्या लावत बसत नाही. माणसे काय करतात हे त्याला माहीत आहे. देवदेवता, गावे, माणसे यांची दहा हजार नावे घ्या. पुढे येणारी नेहमीची पाच चिन्हे. शेवटी शंभर वर्षांतले कोणतेही एक वर्ष. मोठे-लहान अक्षर आणि स्पेलिंग यांचे दहा प्रकार. गुणाकार केला तर पाच कोटी होतात. वेगवान गिरणीवर हे काम डोळ्याचे पाते लवायच्या आत होते, सावकाश गिरणीवर आठ-नऊ मिनिटांत. हिरवी पट्टी अक्षरे मोजत होती, चोर सवयी मोजत होता.

या सवयी जुन्याच आहेत. १९७९ मध्ये बेल प्रयोगशाळेतल्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी ३,२८९ पासवर्ड तपासले. त्यांपैकी २,८३१, म्हणजे ८६ टक्के, फार आखूड तरी होते किंवा शब्दकोशात, नावांच्या यादीत सहज सापडणारे तरी होते. तीस वर्षांनी, डिसेंबर २००९ मध्ये, रॉकयू नावाच्या कंपनीतून सुमारे ३ कोटी २० लाख पासवर्ड फुटले. या कंपनीने ते दळलेसुद्धा नव्हते. त्यांत ‘१२३४५६’ हा पासवर्ड सुमारे २ लाख ९० हजार वेळा आला. आज चोरांच्या अंदाजांची सुरुवात अशाच फुटलेल्या याद्यांपासून होते.

मग ‘एक मोठे अक्षर, एक अंक, एक चिन्ह, आणि दर तीन महिन्यांनी बदला’ या नियमांचे काय? अमेरिकेतल्या मानके ठरवणाऱ्या ‘निस्ट’ या सरकारी संस्थेत बिल बर या अधिकाऱ्याने २००३ मध्ये एक मार्गदर्शिका लिहिली, आणि असे नियम जगभर रूढ होण्यात तिचा मोठा वाटा आहे. २०१७ मध्ये, निवृत्तीनंतर, बर यांनीच एका वृत्तपत्राला सांगितले की आपण केले त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी संस्थेने नियम बदलले. ठरावीक मुदतीने बदलायला लावू नका, चिन्हांची सक्ती करू नका, लांब पासवर्ड चालू द्या, आणि फुटलेल्या याद्यांत असलेला पासवर्ड नाकारा. सक्ती केली की माणूस ‘ए’ च्या जागी ‘@’ घालतो, शेवटी १ लावतो, आणि तीन महिन्यांनी त्याचा २ करतो. असे सगळेच करतात.

सकळ लिपी आणि च-ची भाषा

लहानपणी आपण च-ची भाषा बोललो आहोत. मोठ्यांना कळू नये म्हणून प्रत्येक शब्दात ‘च’ फिरवायचा. मोठेही कधीकाळी लहानच होते, त्यामुळे त्यांना सगळे कळत असे. ‘ए’ च्या जागी ‘@’ ही संगणकावरची च-ची भाषा आहे.

आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात याचे मोठे उदाहरण आहे. महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. एका वर्णाच्या जागी दुसरा वर्ण किंवा चिन्ह, अशी ती रीत होती. त्यामुळे मराठीतले हे आद्य गद्य शतकानुशतके पंथाबाहेरच्या वाचकांना मिटलेलेच राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी या लिपीची किल्ली उलगडून दाखवली, आणि मग एक नव्हे, त्या लिपीतले सारेच ग्रंथ वाचता येऊ लागले. वाङ्मयाच्या दृष्टीने हे आपले भाग्यच. पण कुलपाच्या दृष्टीने पाहा. गुपित रीतीत ठेवले होते, रीत कळली आणि सगळी दारे एकदम उघडली.

हीच गोष्ट ऑग्युस्त केर्कहॉफ यांनी १८८३ मध्ये तत्त्व म्हणून मांडली. हे गृहस्थ जन्माने डच, फ्रान्समध्ये स्थायिक झालेले, आणि पेशाने भाषांचे अध्यापक. लष्करी सांकेतिक लेखनावर त्यांनी जे लिहिले त्याचा सारांश असा, की तुमची रीत शत्रूच्या हाती पडली तरी काही बिघडू नये. गुपित फक्त किल्लीत असावे, आणि किल्ली बदलता यावी.

पासवर्डाला हे तत्त्व लावले की प्रश्न सरळ होतो. तुम्ही तो कसा बनवलात हे चोराला माहीत आहे असेच धरून चाला. तरीही त्याला किती अंदाज करावे लागतील? ‘कवितेच्या ओळीतले प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर घेतो’, ‘नातवाचे नाव उलटे लिहितो’, या साऱ्या रीतीच आहेत. आपल्या डोक्यातून निघालेली गोष्ट आपल्याला फार खासगी वाटते, पण आपली डोकी एकमेकांसारखीच चालतात. म्हणून निवड डोक्याकडून काढून घ्यावी आणि नशिबाकडे द्यावी.

फासा

सापशिडीच्या डब्यातला सहा बाजूंचा फासा घ्या. तो कोणाच्याही सवयी जाणत नाही. अरनॉल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ मध्ये ‘डाइसवेअर’ नावाची पद्धत प्रसिद्ध केली. ७,७७६ शब्दांची क्रमांक घातलेली यादी, आणि पाच वेळा फासा टाकला की एक शब्द. ती यादी इंग्रजी. पण पद्धत समजली की आपल्याला आपली यादी करता येते, आणि ती घरातल्या सगळ्यांनी मिळून करण्यासारखी आहे.

सहा पाने घ्या. प्रत्येक पानावर सहा आडव्या ओळी आणि ओळीत सहा शब्द, म्हणजे पानावर छत्तीस आणि सहा पानांवर २१६ शब्द. पहिले पान स्वयंपाकघराचे : झारा, सांडशी, पाटा, गराडू. दुसरे नात्यांचे, तिसरे झाडापाखरांचे, चौथे घर-अंगणाचे, पाचवे गावांचे आणि नद्यांचे, सहावे सणांचे आणि खेळांचे. आजीला विचारा, नातवंडांना विचारा. आपल्या घरात ‘ओटला’ आहे, ‘भुट्टा’ आहे, ‘गिलकी’ आहे. पुण्याच्या पाहुण्याला हसू येणारे हे शब्दही घाला. शब्द साधे, लिहायला सोपे आणि एकमेकांपासून वेगळे असावेत, एवढेच पाहा.

आता फासा टाका. पहिले दान पानाचे, दुसरे ओळीचे, तिसरे शब्दाचे. तीन, पाच, एक असे पडले तर तिसऱ्या पानावरच्या पाचव्या ओळीतला पहिला शब्द. असे आठ शब्द घ्या, म्हणजे चोवीस वेळा फासा टाकायचा. मधे रेघ घालून ते जोडा. पासवर्ड असा दिसेल : पतंग-झारा-आत्या-नर्मदा-ओटला-पिंपळ-भुट्टा-सांडशी. हा इथे छापला गेला, म्हणून तो आता कुचकामी झाला. तुम्ही तुमचा पाडा.

नियम दोनच, पण कडक. न आवडलेला शब्द टाकून पुन्हा फासा टाकायचा नाही, आणि अर्थ लागावा म्हणून शब्दांची अदलाबदल करायची नाही. ते केलेत की डोके पुन्हा मधे आले. पडलेल्या क्रमावर मागाहून गोष्ट रचा : पतंग काढायला झारा घेऊन आत्या नर्मदेवर गेली. गोष्ट जितकी वेडगळ तितकी लक्षात राहते.

हिशेब पाहा. चोवीस दाने म्हणजे सहाचा चोविसावा घात. ही संख्या एकोणीस आकडी आहे. तुमची सहा पाने चोराने चोरून नेली, तुम्ही आठ शब्द घेतलेत हेही त्याला कळले, तरी वेगवान गिरणीवर सगळ्या जुळण्या दळायला त्याला सुमारे दीड वर्ष लागेल, तेही एका माणसाच्या एका खात्यासाठी. सावकाश गिरणीवर पंधरा लाख वर्षे. मावशीच्या आठ-नऊ मिनिटांशी हे ताडून पाहा. यादी लपवून ठेवायचीही गरज नाही. गुपित यादीत नाही, दानात आहे.

आठ शब्द लांब वाटत असतील तर यादी मोठी करा. छत्तीस पानांची, १,२९६ शब्दांची यादी असेल तर एका शब्दाला चार दाने लागतात आणि सहाच शब्द पुरतात. दाने तीच चोवीस. एका घराला हे काम जड आहे, पण अशा संस्थेला नाही. छत्तीस पानांची मराठी शब्दांची पुस्तिका, आपल्या भागातल्या बोलीतल्या शब्दांसह, आपण काढू शकतो. शब्दसंग्रह म्हणूनही ती वाचनीय होईल.

शुद्धलेखनाचा प्रश्न

इथे एक खास आपली अडचण येते. देवनागरीत पासवर्ड लिहावा असे मनात येईल. काही खाती तो घेतातही. पण परगावी दुसऱ्याच्या संगणकावर मराठी कळफलक नसला तर तुम्ही दारातच अडकाल. शिवाय नुक्ता असलेली काही अक्षरे संगणकात दोन प्रकारे साठवता येतात. डोळ्याला अक्षर एकच दिसते, पण दळल्यावर पीठ वेगळे येते. तेव्हा रोमन अक्षरेच बरी.

रोमनमध्ये मराठी लिहिण्याचे मात्र आपले प्रत्येकाचे व्याकरण वेगळे. ‘वाडा’ शब्दात व्ही की डब्ल्यू? ‘ए’ एक की दोन? ‘आत्या’ला शेवटी किती? नवरा-बायकोचे यावर एकमत होत नाही. म्हणून यादी करताना प्रत्येक शब्दापुढे त्याचे रोमन रूप लिहून टाका आणि तेच घरात प्रमाण माना. वेगळे स्पेलिंग हे जादा कुलूप आहे असे समजू नका. चोर ते प्रकारही धरून चालतो. त्याने घोटाळ्यात पडतो तो आपण स्वतःच.

एक दार, एक चावी

आता मावशीची दुसरी चूक. कोणताही पासवर्ड दोन ठिकाणी वापरायचा नाही. एका दुकानाची यादी फुटली की त्यातला प्रत्येक पत्ता आणि पासवर्ड चोर इतर शंभर ठिकाणी आपोआप लावून पाहतात. तुमचा फाशाचा पासवर्ड कितीही चांगला असला, तरी दळून न ठेवणाऱ्या एखाद्या निष्काळजी दुकानाला तो दिलात तर तो आयता बाहेर पडेल. मग तोच तुमच्या ई-मेलला असून कसे चालेल?

‘इतके लक्षात कोण ठेवणार?’ कोणी ठेवू नये. पाठ ठेवायचे ते दोन-तीनच : ई-मेलचा, बँकेचा, आणि पासवर्ड सांभाळणाऱ्या ॲपचा. यांतही ई-मेलचा सर्वांत आधी करा, कारण बाकीच्या बहुतेक खात्यांचे ‘पासवर्ड विसरलो’ हे पत्र तिथेच येते. ती घराची मुख्य चावी आहे. उरलेले पासवर्ड ॲपला स्वतःच घडवू द्या. तेही फाशासारखेच नशिबाने निवडते. जिथे आठ शब्द मावत नाहीत तिथेही ॲपने दिलेली पंधरा-वीस विस्कळीत अक्षरे घ्या.

ॲप नको असेल तर वही ठेवा. पासवर्ड लिहू नये असे आपल्याला शिकवले गेले, पण कोणता चोर कुठे आहे ते पाहा. यादी दळणारा चोर तुमच्या कपाटापर्यंत येत नाही. दागिने जिथे ठेवता तिथे वही ठेवा. संगणकाला चिकटवलेली चिठ्ठी आणि फोनमध्ये काढलेला वहीचा फोटो मात्र नको.

जिथे दुहेरी पडताळणीची सोय आहे तिथे ती सुरू करा, म्हणजे पासवर्डाबरोबर फोनवरचा एकवार वापराचा आकडाही लागतो. मावशीने ती केली असती तर चोराला नुसत्या पासवर्डावर आत शिरता आले नसते. अर्थात जो गोड बोलून तुमच्याकडूनच पासवर्ड आणि ओटीपी काढून घेतो, त्याच्यापुढे फासाही हतबल आहे. पैसे मिळण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच घालावा लागत नाही, एवढे घरात सर्वांना सांगून ठेवा. फसवणूक झालीच तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर कळवा.

माहेरचे आडनाव

एक मागचे दार राहिले. खाते परत मिळवण्यासाठी काही ठिकाणी प्रश्न विचारतात : आईचे माहेरचे आडनाव काय? जन्मगाव कोणते? आपल्या समाजात हे गुपित आहे काय? आपल्याकडे लग्नपत्रिका घरोघर जातात. कितीतरी मंडळांच्या कुटुंबसूचीत नाव, जन्मतारीख, मूळ गाव, कुलदैवत आणि माहेर हे सगळे छापलेले असते. परमुलुखात एकमेकांना धरून राहण्यासाठी आपण या सूची केल्या आणि त्या केल्या हे योग्यच. पण त्यांत छापलेली कोणतीही गोष्ट किल्ली होऊ शकत नाही. ई-आधारची फाइल उघडण्याचा पासवर्ड नावाची पहिली चार अक्षरे आणि जन्मवर्ष असा असतो. तो नियम सर्वांना ठाऊक आहे आणि सूचीत दोन्ही छापलेले आहे. तेव्हा ती फाइल कुलूपबंद आहे असे समजून इकडेतिकडे पाठवू नका.

या प्रश्नांना खरे उत्तर देण्याचे बंधन नाही. आईचे माहेर ‘पिंपळ-सांडशी-नर्मदा’ असे सांगा आणि वहीत टिपून ठेवा. आई रागावणार नाही.

आपल्यामागे

शेवटची गोष्ट आपण बोलायचे टाळतो. कुलूप इतके पक्के झाले की आपल्यामागे मुलांनाही उघडता येऊ नये, हेही नुकसानच. मुलगा पुण्यात, मुलगी परदेशात, आणि वडिलांच्या खात्यात साठ वर्षांचे फोटो. गूगलच्या खात्यात २०१३ पासून अशी सोय आहे, की ठरावीक महिने खाते वापरले गेले नाही तर तुम्ही नेमलेल्या माणसाला कळवले जाते आणि तुम्ही ठरवाल तेवढे त्याच्या हाती दिले जाते. ती भरून ठेवा. आणि वहीची जागा, मुख्य पासवर्डाचे आठ शब्द, एका बंद पाकिटात, मृत्युपत्राबरोबर ठेवा. ई-मेलचा पासवर्ड बदलला की पाकीटही बदला.

मावशीने आता नवे खाते उघडले आहे. उरलेली एकतीस पाने तिने तीन ठिकाणी ठेवली आहेत. नव्या खात्याचा पासवर्ड आम्ही तिच्या ओटल्यावर बसून पाडला. फासा तिच्या पणतीने टाकला, आणि मावशीने शब्द कोणाला न दाखवता वहीत उतरवले. एक शब्द तिला मुळीच आवडला नाही. बदलू का, म्हणून तिने विचारले. नाही म्हणालो.

आज घरी गेल्यावर बाकी काही करू नका. सापशिडीचा डबा शोधा, सहा पाने आखा आणि पहिला शब्द घरातल्या सर्वांत वडील माणसाला विचारा.